गरीब व होतकरू : आपल्या भागातील शिष्यवृत्त्यांची हकीकत

'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस मदत' हे शब्द आपण संस्थांच्या अहवालांत, ट्रस्टांच्या निवेदनांत आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींत इतक्या वेळा वाचलेले असतात की त्यांच्याकडे आता आपले लक्षही जात नाही. पण जरा थांबून पाहिले तर या शब्दांत दोन अगदी निराळ्या गोष्टी एका 'व'ने बांधलेल्या दिसतात. गरिबी ही घराची स्थिती आहे, तर होतकरूपणा हा मुलाचा गुण आहे. पहिली उत्पन्नाच्या दाखल्याने सिद्ध करावी लागते, दुसरा गुणपत्रिकेने. मदत देणाऱ्याचा हात कोणत्या कागदाकडे आधी जातो, यावर मुलाला कॉलेजात पाठविणे घराला झेपेल की नाही हे पुष्कळदा ठरते. हा वाद आजचा नाही. त्याला निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्या नाशिक जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी फी हा शब्दच आपल्याकडे नव्हता. वार लावून जेवणारा ब्राह्मण विद्यार्थी आठवड्याच्या सात दिवशी सात घरी पानावर बसे. मशिदीच्या हुजऱ्यात राहणारा तालिबे-इल्म मोहल्ल्यातील घरांतून येणाऱ्या भाकरीवर शिके. बीदरला महमूद गवान यांनी १४७२ च्या सुमारास उभारलेल्या मदरशात राहण्या-जेवण्याची सोय होती, आणि त्या इमारतीचे अवशेष पाहिले तर खोल्यांची व्यवस्था आजही ध्यानात येते. या सर्व व्यवस्थांत शिकायला आलेला मुलगा उपाशी राहू नये एवढीच दृष्टी होती. पहिला नंबर कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. अर्थात दार सर्वांना उघडे नव्हते, हेही तितकेच खरे.

विद्वत्ता पाहून पैसे देण्याची मोठी सरकारी प्रथा म्हणजे पुण्याची श्रावणमासातील दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी ती तळेगावी सुरू केली, पुढे पेशव्यांनी ती पुण्यास चालविली. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी या निधीपैकी सालीना ५०,००० रुपये कायम ठेवले, आणि त्यांतल्याच काही रकमेतून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला की दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही मिळावा. त्यावर मोठी खळबळ झाली, पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे याच निधीतून कॉलेजातील हुशार विद्यार्थ्यांना दक्षिणा फेलोशिप मिळू लागल्या. असे फेलो झालेल्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि आपल्या जिल्ह्यातील निफाडला १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडेही होते.

रानड्यांचे वडील सरकारी नोकर होते, श्रीमंत नव्हते. मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला तो मुख्यतः शिष्यवृत्त्यांवर. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीने काय साधते याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पण चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजी राज्याची तुलना इंग्रजांना रुचणार नाही अशी केली, तेव्हा प्राचार्यांनी त्यांची शिष्यवृत्ती काही महिने बंद केली. जे बक्षीस म्हणून मिळते ते देणाऱ्याची मर्जी गेली की परतही जाते.

यानंतरच्या काळात अनेक दात्यांनी विद्यापीठात शिष्यवृत्त्या ठेवल्या. मॅट्रिकला संस्कृतात सर्वांत वर येणाऱ्यांसाठी १८६६ पासूनची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा तर महाराष्ट्रात मानाचा बिंदू ठरला. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ साली मिळाली. दात्याचा हेतू उदात्त होता यात संशय नाही. परंतु फारसी घेणाऱ्या मुलाला किंवा ज्याच्या गावच्या शाळेत संस्कृतचा शिक्षकच नाही अशा कुणब्याच्या मुलाला ती स्पर्धा दुरूनच पाहावी लागे. गुणवत्ता मोजण्याची फूटपट्टी कोणाच्या घरात आधीपासून आहे, हा प्रश्न येथे पहिल्यांदा उभा राहतो.

तो स्पष्ट शब्दांत विचारला महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांचाही विचार केला आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते, पण त्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या निराळ्या असाव्यात, असे त्यांनी सुचविले. आज हे वाचताना साधे वाटते. ज्या काळी कॉलेजच्या वर्गात शेतकऱ्याचा मुलगा क्वचितच दिसे त्या काळी ते लिहिणे धाडसाचे होते.

त्याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. त्याची पार्श्वभूमी बंगालातील आहे आणि ती आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. हुगळीचे हाजी मुहम्मद मोहसिन यांनी १८०६ मध्ये आपली मोठी मिळकत वक्फ केली. पुढे त्या निधीतून १८३६ मध्ये हुगळी कॉलेज निघाले. कॉलेज उत्तम चालले, सर्वांना खुले होते. पण ज्या समाजाच्या माणसाने पैसा ठेवला त्याचीच मुले तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दार उघडे असले तरी फी भरण्याची ऐपत कोठून आणावी? अखेर १८७३ मध्ये कॉलेजचा खर्च सरकारने आपल्याकडे घेतला, आणि मोहसिन निधीतून मदरशांना साह्य व मुसलमान विद्यार्थ्यांच्या फीचा दोन-तृतीयांश भाग देण्याचे ठरले. इमारतीवर आणि प्राध्यापकांवर घातलेला पैसा ज्यांच्याकडे पोहोचला नाही, त्यांच्याकडे तोच पैसा फीच्या रूपाने पोहोचला. संस्था चालविणाऱ्या कोणाही मंडळींनी ही हकीकत आपल्या कार्यालयात टांगून ठेवावी, असे मला वाटते.

हंटर आयोगाने मुसलमानांसाठी प्राथमिक शाळेतून मधल्या शाळेत, तेथून हायस्कुलात आणि पुढे कॉलेजात अशा चढत्या पायऱ्यांनी खास शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत काही फ्रीशिप राखून ठेवाव्यात, अशी शिफारस केली. १८८५ मध्ये हिंदुस्थान सरकारने या विषयावर ठराव केला. ही पायऱ्यांची कल्पना मोलाची होती. मॅट्रिकला पोहोचलेल्या मुलालाच मदत करायची म्हटले, तर चौथीत गळालेला मुलगा यादीत येणारच कसा?

आता कोल्हापूरकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांच्या ध्यानात एक गोष्ट फार लवकर आली. खेड्यातला मुलगा फीमुळे अडतो त्यापेक्षा अधिक तो राहण्या-जेवण्याच्या सोयीअभावी अडतो. फी माफ केली तरी शहरात रात्री पाठ टेकायला जागा हवी. म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले, आणि मुसलमान विद्यार्थ्यांचे बोर्डिंग सुरू झाले. नाशिकात १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला तोही बोर्डिंगच्या याच विचारावर; येथील उदाजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला १९२० मध्ये शाहू महाराजांच्याच हस्ते बसली. शिष्यवृत्तीच्या इतिहासात बोर्डिंगचा उल्लेख सहसा येत नाही. वास्तविक गरजेवर आधारलेली सर्वांत मोठी शिष्यवृत्ती तीच होती, कारण तेथे मुलाच्या हाती रोख पैसा न पडता थेट त्याच्या ताटात भाकरी पडत असे.

आपल्या जिल्ह्याचा दुसरा धागा मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा. तेथील एका शेतकरी घरात १८६३ मध्ये जन्मलेला मुलगा दत्तक जाऊन १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर बसला. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी दिलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी एक सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा तपशील बारकाईने पाहिला पाहिजे.

भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा वडील सेवानिवृत्त सुभेदार होते आणि घरखर्च पेन्शनवर ओढूनताणून चालत होता. इंटरच्या पुढे जाणे अवघड झाले. या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेला पाहणारे एक शिक्षक होते, कृष्णराव अर्जुन केळुसकर. त्यांनी सयाजीरावांकडे शब्द टाकला, भीमरावाला त्यांच्यासमोर उभे केले, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. त्यावर १९१२ मध्ये बी.ए. पूर्ण झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार होता.

ही शिष्यवृत्ती गुणवत्तेची की गरजेची? दोन्हींची. मुलगा हुशार आहे याची परीक्षा महाराजांनी समोर बसवून प्रश्न विचारून घेतली, आणि घराची स्थिती केळुसकरांनी सांगितली. येथे 'गरीब व होतकरू' मधला तो 'व' खरोखर जोडला गेला. आणि जोडणारा माणूस एक शाळामास्तर होता, हेही लक्षात ठेवावे. अर्ज कोठे करायचा, कोणाला भेटायचे, हे सांगणारा कोणी नसेल तर उत्तमोत्तम योजनाही कागदावर राहतात. शिवाय रक्कम पुरेशी होती. दरमहा २५ रुपये हे कौतुक म्हणून दिलेले नव्हते. त्यांत कॉलेजचा खर्च निघत होता. लंडनचे शिक्षण मात्र मुदत संपल्यामुळे अर्धवट टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले, आणि ते पुरे करण्यासाठी पुढे पगारातील बचत, शाहू महाराजांचे साह्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज अशी जुळवाजुळव करावी लागली. अपुऱ्या मुदतीची मदत कुटुंबाला कोठे आणून सोडते, तेही या एकाच चरित्रात दिसते.

आणि हा अनुभव घेतलेला माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेला, तेव्हा त्याने अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली. १९४४ मध्ये भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. कवळाण्याच्या राजाने एका मुलाला दिलेल्या २५ रुपयांचा हा हिशेब आहे.

नाशिकच्या मुलांसाठी मात्र प्रदीर्घ काळ खरी अडचण अंतराची होती. १९२४ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीने येथे कॉलेज काढले. आज ते हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. तोपर्यंत कॉलेज म्हणजे पुणे नाहीतर मुंबई. खोली, खानावळ, रेल्वेचे भाडे यांचा खर्च फीच्या कितीतरी पट. मालेगावला मसगा महाविद्यालय निघाले ते १९५९ मध्ये, आणि तेही सयाजीरावांच्याच नावाचे. गावात कॉलेज आल्याने किती घरांचा खर्च वाचला याची नोंद कोणत्याच शिष्यवृत्तीच्या यादीत मिळणार नाही.

स्वातंत्र्यानंतर सामान्य पालकाच्या तोंडी जो शब्द बसला तो 'ईबीसी'. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांच्या आत आहे त्यांच्या मुलांची फी माफ करण्याचा निर्णय झाला. पुढे ही मर्यादा १२०० रुपये झाली. जात विचारायची नाही, नंबर विचारायचा नाही, फक्त उत्पन्न पाहायचे, हे या सवलतीचे वैशिष्ट्य. बागवान, आतार, विणकर, हमाल, छोटे शेतकरी अशा घरांतील पहिल्या पिढीच्या कितीतरी पदवीधरांच्या प्रमाणपत्रामागे ईबीसीचा फॉर्म आहे. गुणवत्तेची बाजू केंद्र सरकारने सांभाळली : १९६१-६२ पासून राष्ट्रीय शिष्यवृत्ती, आणि १९६३-६४ पासून बिनव्याजी राष्ट्रीय कर्जशिष्यवृत्ती. आपल्या समाजात व्याजाच्या कर्जाविषयी संकोच आहे. कर्जे-हसना आपल्याला परका नाही. त्या दृष्टीने ही दुसरी योजना फार सोयीची होती. परंतु वसुली नीट झाली नाही, आणि घेतलेले परत न करणाऱ्यांनी मागून येणाऱ्यांचा रस्ता अरुंद केला.

ईबीसीने फी सुटली, पण बाकीचा खर्च तसाच राहिला. शिवाय एक खर्च असा असतो की तो कोणत्याच फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते. मालेगावात मुलगा कॉलेजात गेला म्हणजे यंत्रमागावरची त्याची पाळी रिकामी राहते. ती मजुरी बुडते. बापाच्या दृष्टीने तीच मुलाची खरी फी. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसा पुष्कळदा वर्ष संपता संपता हाती येतो. कॉलेजची पावती मात्र प्रवेशाच्या दिवशी फाटते. मधले महिने कोणी उसने दिले तर निभतात.

१९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि फीचे आकडे एकदम वेगळ्या पातळीवर गेले. देणग्यांचा बाजार वाढला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोडगा काढला : निम्म्या जागा गुणवत्तेने व कमी फीवर, आणि निम्म्या जागा जास्त फीवर. एकाच्या जास्त फीतून दुसऱ्याची कमी फी भागावी, ही कल्पना. कानाला न्याय्य वाटणारी ही व्यवस्था नऊ वर्षे चालली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती रद्द केली, आणि त्यामागचे एक कारण वाचण्यासारखे आहे. चांगल्या शाळा, शिकवण्या यांचा लाभ घेतलेली सुस्थितीतील मुले वरचे गुण मिळवून कमी फीच्या जागा घेत, आणि त्यांचा भार जास्त फी भरणाऱ्या, तुलनेने कमी ऐपतीच्या घरांवर पडे. फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलेली गोष्ट निराळ्या वाटेने पुन्हा समोर आली. योगायोग असा की अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९३ मध्येच लॉटरीच्या उत्पन्नातून गुणवत्तेची 'होप' शिष्यवृत्ती सुरू केली. आरंभी असलेली उत्पन्नाची अट दोन-तीन वर्षांत काढून टाकली, आणि तेथेही अभ्यासकांना आढळले की बराचसा लाभ एरवीही कॉलेजात गेलीच असती अशा मुलांना मिळाला.

सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, आणि एकूण लोकसंख्येत सुमारे सात टक्के, असे त्यात दिसले. त्यानंतर २००७-०८ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 'मेरिट-कम-मीन्स' शिष्यवृत्ती आली. दोन्हींत ५० टक्के गुणांची आणि अनुक्रमे दोन लाख व अडीच लाख रुपयांच्या उत्पन्नाची मर्यादा होती, आणि ३० टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव होत्या. मॅट्रिकोत्तर योजनेच्या मूळ नियमावलीत एक कलम होते : अर्ज जास्त आले तर निवड करताना गुणांपेक्षा गरिबीला अधिक वजन द्यावे. इतके स्वच्छ कलम मी दुसऱ्या कोणत्या शिष्यवृत्तीत पाहिलेले नाही. पुढे हा प्रवाह आटला. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली, आणि त्याच वर्षी संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही.

गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीविरुद्ध हे लिहीत आहे असा समज कृपया करून घेऊ नये. तिच्यात एक मोठे बळ आहे, ते म्हणजे ती मान ताठ ठेवून घेता येते. गरिबी सिद्ध करण्यासाठी खिडकीसमोर उभे राहण्यापेक्षा कित्येक आईबाप मुलाला कामाला लावणे पत्करतात. जकातीच्या पैशावर मुलगा शिकला हे नातेवाइकांत कळू नये म्हणून धडपडणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशा घरातील मुलाला 'तुझ्या गुणांबद्दल' म्हणून दिलेले पैसे घेणे सोपे जाते. तेव्हा नाव गुणवत्तेचे ठेवून निवड गरजेवर करण्यात काही गैर नाही, असे माझे मत आहे. आक्षेप आहे तो ढालीवर. नव्वद टक्क्यांवर गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार, शाल, ढाल, छायाचित्र यांवर दर वर्षी जो खर्च होतो, त्यात एखाद्या ६२ टक्के मिळविलेल्या मुलीचा एस.टी.चा पास आणि पुस्तके निघतात. दात्याला पहिल्या नंबराशेजारी उभे राहणे आवडते, हे खरे. पण ती ६२ टक्केवाली मुलगी बारावीनंतर घरी बसते आणि पहिल्या नंबराचा मुलगा ढाल मिळाली नसती तरी कॉलेजात गेलाच असता.

सध्याच्या व्यवस्थेत पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. जुनी ईबीसी आता राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने चालते; २०१७-१८ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना शिक्षण शुल्काचा निम्मा भाग तीत मिळू लागला. २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. आपल्यातील मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, आणि ज्या नाहीत त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो. हे दाखले प्रवेशाच्या आठवड्यात मिळत नाहीत. त्यासाठी जुने शाळेचे दाखले, आजोबांच्या नोंदी शोधाव्या लागतात आणि तहसील कार्यालयाच्या फेऱ्या घालाव्या लागतात. मुलगी अकरावीत असतानाच ते काम हाती घ्यावे. तिसरी गोष्ट नाशिकचीच : १९८९ मध्ये येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मागावर, दुकानात किंवा घरी काम करीत पदवी घेण्याचा मार्ग त्याने खुला केला आहे, आणि तेथे पाळी सोडावी लागत नाही.